माझ्या गळ्यातली स्वाती

प्रिय स्वाती,

'प्रिय' लिहिलंय खरं, पण ते रीत म्हणून. ताई म्हणावं तर तू सव्विसाव्या वर्षीच थांबलीस आणि मी मागच्या महिन्यात अठ्ठावीस पूर्ण केली. मानानं तू थोरली, वयानं मी. तेव्हा नुसतं स्वाती. राग आला तर येऊ दे.

काल भाऊबीजेला तुझी आई आमच्याकडं येऊन गेली. निघताना मला म्हणाली, "तिच्याशी काय बोलायचं आसलं तर बोलत जा बाई. मनात ठिऊ नको. मी रोज बोलती." आता तुझ्या आईचं ठीक आहे, तिला तुझ्याशी बोलायची सवय. मी कुठून सुरुवात करू? आपण तर कधी भेटलोच नाही. आज सागर सकाळच्या पाळीला गेला, भांडी झाली, ओट्यावरचं तेल पुसून झालं, आणि मी वहीची पानं फाडून लिहायला बसले.

तर पहिल्यांदा हेच सांगते, की मी तुझ्यावर जळते. चांगली धडधडून जळते.

का जळू नये? घर तुझं. म्हणजे भाड्याचंच, पण एमआयडीसीच्या रस्त्यावरच्या या दोन खोल्या तू पसंत केलेल्या. स्वयंपाकघरातली फळी तुझ्या उंचीची. तू चांगली ताडमाड होतीस म्हणे! मला मिठाची बरणी काढायला पाट घ्यावा लागतो. सागर कितीदा म्हणाला, फळी खाली घेतो. मी नको म्हणते. का नको, ते मलाही सांगता येत नाही. पाटावर चढताना दर वेळी तुला दोन शब्द ऐकवायला मिळतात, म्हणून असेल.

आणि तो गॅस! कनेक्शन अजून तुझ्याच नावावर. सिलिंडरवाला खालून ओरडतो, "स्वाती मॅडमऽ, गॅस!" आणि मी गॅलरीतून ओरडते, "आलेऽ!" सांग, दुसरं काय ओरडू? "मॅडम गेल्या, मी दुसरी आहे," असं? पहिल्या वेळी मी आत येऊन रडले होते. आता रडत नाही. पण त्या दिवशीच्या भाजीत मीठ जास्त पडतं एवढं खरं.

खालच्या मजल्यावरच्या काकूंचं तर विचारूच नकोस. मी चकली दिली की त्या कडकन मोडतात, चावतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "छान झालीय हं. पण स्वातीच्या चकलीची सर नाही." अगं, मेलेल्या माणसाच्या चकलीशी कोण बरोबरी करणार? माझी चकली एखाद वेळी मऊ पडते, एखाद वेळी तेल पिते. तुझी आता कायमची कुरकुरीत!

पण या सगळ्यापेक्षा जास्त जळते मी सागरच्या गप्प बसण्यावर. तो तुझं नाव घेत नाही. लग्नाला तीन वर्षं झाली, पण त्याच्या तोंडून 'स्वाती' हा शब्द मी ऐकलेला नाही. भिंतीवर तुझा फोटो नाही, मोबाईलमध्ये नाही. मैत्रिणी म्हणतात, नशीबवान आहेस, विसरला तो. कसलं विसरला! विसरलेल्या माणसाचं नाव येतं ना बोलण्यात कधीतरी, चुकून? याच्या बोलण्यात तुझ्यापुरती जागा नीट मोकळी सोडलेली असते. बोलता बोलता तिथवर येतो आणि वळसा घालून पुढं जातो. तो वळसा दिसला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

आता टाकाचं सांगते. तुला ते माहीत असेल की नाही कोण जाणे, तू गेल्यावरचंच ते.

माझं लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी जतच्या सोनाराकडून एक टाक करून आणला. चांदीचा, वर सोन्याचं पाणी, अंगठ्याच्या नखाएवढा. त्यावर बाईचा ठसा. दुसरेपणावर जाणाऱ्या मुलीनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, ही त्यांच्या घरची रीत. आमच्याही गावात आहे. आईनं मला आधीच सांगून ठेवलं होतं, "घालावा लागंल, कुरकुर करू नको." मंगळसूत्राच्या खाली, काळ्या दोऱ्यात. आंघोळ झाली की त्याला हळदकुंकू. गोडधोड केलं की आधी त्याला दाखवायचं. आणि नवी साडी आली, की तिची घडी आधी त्याच्यापुढं ठेवायची, मग आपण नेसायची.

म्हणजे काय, ते कळलं ना तुला? माझ्या अंगावर जे जे आलं, ते आधी तुझं होऊन आलं. गेल्या दिवाळीत आम्ही गावी होतो. सागरनं पाडव्याला मला मोरपंखी साडी आणली. सगळ्यांसमोर सासूबाईंनी ती माझ्या हातातून घेतली, टाकापुढं ठेवली, हात जोडले आणि पुटपुटल्या, "घे बाई, तुझं तुला. हिला सुखानं नांदू दे." मग मला म्हणाल्या, "हां, नेस आता." मी नेसले. तुझी उतरलेली साडी नेसल्यासारखी नेसले!

यंदा दिवाळीत गावी जायचं नव्हतं. सागर दुधाच्या प्लँटवर आहे, तुला काय सांगायचं ते. दिवाळीत तूप आणि खव्याला एवढी मागणी, की रजेचं नाव काढलं तरी साहेब हात जोडतात. त्याला फक्त पाडव्याची सुट्टी मिळाली. सासूबाई फोनवर हळहळल्या, माझी आई हळहळली. मीही हळहळले, पण वरवर. मनात म्हटलं, यंदा आम्ही दोघंच! सासू नाही, जावा नाहीत, "स्वाती असताना" म्हणणारं कुणी नाही. दोघांपुरती चकली, दोघांपुरती शेव, गॅलरीत चार पणत्या.

पहिल्या आंघोळीला मी सागरला तेल लावलं, उटणं लावलं. मग माझी आंघोळ. आंघोळीला टाक काढला, आणि पुन्हा घातलाच नाही. स्वयंपाकघरात गेले, तांदळाचा डबा उघडला आणि तुला त्यात खोल घातलं. वरून झाकण लावलं. म्हटलं, बस तिथं चार दिवस. माझी दिवाळी होऊ दे.

काय सांगू, मान कशी हलकी झाली! दिवसभर मी गुणगुणत होते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. पणत्या दाखवल्या, फराळ दाखवला. तेवढ्यात त्यांनी डोळे बारीक केले. "वर्षा, गळ्यात दिसंना गं?" मी पदर ओढून घेतला. "आहे की आई, साडीखाली गेलाय." सागर शेजारीच उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मूग गिळून बसला. नेहमीसारखाच.

पाडव्याला मी त्याला ओवाळलं. त्यानं ताटात साडीचं खोकं ठेवलं. आंबा कलर, बारीक काठ, बारामतीत चार दुकानं हिंडून आणलेली. मी खोकं उघडलं, घडी मोडली आणि तिथंच खांद्यावर घेतली. कुणाला दाखवणं नाही, काही नाही. आणि मग बघितलं, तर सागरची नजर माझ्या गळ्यावर.

एवढंच झालं गं. तो काही बोललाही नाही. पण माझा भडका उडाला. "काय बघतोस? तिला दाखवायची होती आधी? म्हण की तसं! तोंड आहे ना तुला? एकदा तरी नाव घे तिचं माझ्यासमोर!" तो उठला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. निरांजन ताटात तसंच जळत होतं. समोरच्या बिल्डिंगमधली पोरं खाली फटाके लावत होती, त्यांचे आईबाप हसत होते. आणि आमचा दोघांचा पाडवा, ज्याची मी महिनाभर वाट बघितली, तो मिठाचा खडा पडलेल्या दुधासारखा नासून गेला. संध्याकाळी आम्ही जेवलो, पण 'आमटी दे' आणि 'पुरे' एवढंच बोललो.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. सागर पहाटे कामावर. माझे भाऊ येणार नव्हतेच, गावाकडं त्यांचं ऊस तोडणीचं बघायचं होतं. मी आंबा कलरची साडी परत खोक्यात कोंबली आणि गाऊनवरच बसून राहिले. चकलीचा डबासुद्धा उघडला नाही.

अकराच्या सुमाराला खाली पिकअप थांबली. दारात बघते तर तुझी आई आणि तुझा भाऊ अमोल! आईच्या डोक्यावर पदर, हातात पिशवी. अमोलच्या खांद्यावर पोतं, त्यात दोडकी, कणसं, डाळिंबं. लग्नानंतर एकदा देवदर्शनाहून येताना सागरनं मला बावड्याला तुमच्या घरी नेलं होतं, तेवढीच आमची ओळख. मी गाऊनमध्ये, केस विस्कटलेले. जीव द्यावासा वाटला.

"आगं, आत तर घेशील का न्हाय?" तुझी आई म्हणाली. "सासूबाईचा तुझ्या फोन आलता मला. म्हनल्या, पोरगी एकलीच हाय सणाची. म्हनलं चला. वालचंदनगरपतूर रस्ता नुसता खड्ड्याचा, माझं कंबरडं मोडलं बघ."

मी पाणी दिलं, साडी नेसून आले. घाईत हाताला तीच आंबा कलरची लागली. तुझी आई बघत होती. साडी बघितली, मंगळसूत्र बघितलं, आणि नजर तिथंच थांबली. म्हटलं, संपलं. लेकीचा टाक काढून ठेवलाय हे आईनंच बघितलं.

"धुवायला काढलाय," मी म्हणाले. विचारायच्या आधीच!

"काय गं?"

"टाक. घालतेच मी रोज. आत्ता फक्त…"

"कशाला घालती?"

मला वाटलं टोमणा आहे. "रीत आहे ना, काकू. त्यांचा मान म्हणून."

तुझ्या आईनं ग्लास खाली ठेवला. "मान? मान कशाचा आलाय त्यात? भ्या हाय ते भ्या! म्येलेली सवत नव्या नवरीला धरती, पोरंबाळं हू दीत न्हाय, म्हनून तिला दोऱ्यात बांधायची. तुझ्या सासूला मी तवाच म्हनले हुते, इहीनबाई, माझी पोरगी तापानं गेली, कुनाला धराया न्हाय बसली. दोन वर्सं तुमच्या घरात नांदली, कुनाचं वाईट चितलं का तिनं? त्या म्हनल्या, आमच्यात करत्यात. करा म्हनलं. पर तवापासनं माझ्या घशाखाली घास उतरत न्हाय बघ. माझ्या पोरीला भूत केली तुमी."

स्वाती, मी तीन वर्षं त्या चांदीच्या तुकड्याचा हेवा करत होते. तुला मान मिळतो, तुला पहिला घास मिळतो, तुला साडी मिळते म्हणून! आणि तुझ्या आईला तो तुझ्यावर घातलेला आळ वाटत होता.

मी उठले, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि टाक काढून तुझ्या आईच्या तळहातावर ठेवला. तांदळात का होता, हे तिनं विचारलं नाही. चष्मा लावला, उजेडाला धरला, उलटा केला, सुलटा केला.

"ही व्हय स्वाती?" ती म्हणाली. "आरं अमोल, बघ की रं. हिला नाकच न्हाय!"

अमोल वाकला. "न्हाय की! आक्काचं नाक ह्ये एवढं लांबडं. शाळंत पोरं पोपट म्हनायची तिला. मी म्हनलं तर पाटीत धपाटा."

आणि तो हसायला लागला. तुझी आईही हसायला लागली, हसता हसता डोळे पुसायला लागली. सोनारानं साच्यातली कुठलीतरी बाई ठोकून दिली होती गं! तीन वर्षं मी हळदकुंकू कुणाला लावत होते, देव जाणे.

मग तुझ्या आईची गाडी सुटली ती थांबेना. तू किती भांडकुदळ होतीस. भाऊबीजेला अमोलला आधी 'ओवाळणी दाखव' म्हणायचीस आणि मगच निरांजन लावायचीस. सागरनं एकदा तुझ्या जावेच्या पुरणपोळीचं कौतुक केलं, तर आठवडाभर त्याला खिचडी घातलीस. खिचडी! मी त्याला एवढी कडक शिक्षा कधी केलेली नाही, लक्षात ठेव.

"आणि चकली?" मी न राहवून विचारलं. "चकली फार छान करायच्या म्हणे."

"कोन, स्वाती? तिला कुठं येत हुती चकली! दर दिवाळीला माझ्या हातची डबा भरून आनायची आन शेजारपाजारी वाटायची, मी केली म्हनून."

अगं खोटारडे! मी खालच्या काकूंना हे सांगणार नाही, काळजी करू नको. पण सांगायची इच्छा किती होतेय म्हणून सांगू!

मी अमोलला ओवाळलं. तुझ्या आईनं मला शेजारी बसवून घेतलं, माझ्या केसांना तेल लावलं, वेणी घातली. निघताना टाक मागितला. "द्येतीस? नीरंच्या पान्यात सोडती. तुझ्या सासूला मी सांगती काय सांगायचं ते." मी दिला. त्या बिननाकाच्या बाईला तिनं पदराच्या शेवात गुंडाळलं, गाठ मारली, वरून दोनदा हात फिरवला. ते बघताना मी पुन्हा जळले. आधी नवऱ्यापायी जळत होते, आता आईपायी. माझी आई दीडशे-दोनशे किलोमीटरवर आणि तुझी आई माझी वेणी घालून तुझ्याकडं परत चालली होती. काय गं हे! सगळं चांगलं चांगलं तुलाच कसं मिळतं?

सागर आला तेव्हा ऊन कलत होतं. दोडकी बघून म्हणाला, "बावड्याचं कोण आलं होतं?" मी सगळं सांगितलं. टाकाचं, नाकाचं, खिचडीचं. खिचडीवर त्याच्या ओठांचा कोपरा हलला.

"आता तू बोल," मी म्हणाले.

"काय बोलू?"

"काहीपण. तिचं काहीपण सांग."

तो खाली फरशीवर बसला, भिंतीला टेकून. म्हणाला, "स्वाती गाडीवर मागं बसली की सारखी बडबड करायची. वाऱ्यात मला काही ऐकू यायचं नाही. मी नुसता हां हां म्हणायचो." मग थांबला. मला वाटलं आता वळसा घालणार. तो म्हणाला, "तुला वाटेल मी तुलना करतोय, म्हणून तिचं नावच बंद केलं गं मी. एवढं बंद केलं की आता तिचा आवाज आठवत नाही. चेहरा आठवतो. आवाज गेला." आणि तो रडायला लागला. गुडघ्यात डोकं घालून, लहान मुलासारखा.

स्वाती, मला आनंद व्हायला हवा होता ना? तुझा आवाज विसरला तो! याच दिवसाची मी वाट बघत होते की नाही? पण मला भीती वाटली. जो तुझा आवाज विसरतो, तो माझाही विसरेल की. मी सरकून त्याच्याजवळ गेले, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तुझ्यासाठी रडणाऱ्या माझ्या नवऱ्याला मी थोपटत होते. आणि खरं सांगते, थोपटतानासुद्धा जळत होते.

आज तो गेल्यावर मी अमोलला फोन केला. विचारलं, तुझ्याकडं आक्काचा आवाज आहे का रे? तो म्हणाला, "हाय की ताई, एक हाय. मेथीच्या जुड्या आनायच्या इसरलो म्हनून मला लई शिव्या घातल्यात तिनं. जपून ठिवलाय." त्यानं लगेच पाठवला. माझ्या मोबाईलमध्ये आलाय. अजून ऐकलेला नाही. दहा वेळा बोट नेलं आणि मागं घेतलं. तुझा आवाज माझ्यापेक्षा गोड असेल तर? असेलच!

पुसून टाकला तर कुणाला कळणारही नाही. ते मनात आलं नाही असं तुला खोटं कशाला सांगू?

पण शब्द देते तुला. संध्याकाळी तो आला, हातपाय धुतले, चहा झाला, की मी त्याला तुझा आवाज ऐकवणार आहे. तो म्हणेल तेवढ्या वेळा ऐकू दे. मी उठून आत जाणार नाही. शेजारीच बसणार आहे, त्याचा हात हातात घेऊन, आणि तो हात मी सोडणार नाही. तेवढं तू चालवून घे.

तुझी सवत,
वर्षा